नवंय गं सगळं

ब्रातिस्लाव्हाच्या किल्ल्यात, मुख्य जिन्याच्या वळणावर, बाबांनी भिंतीवर मधल्या बोटाचं पेर आपटलं. मग वीतभर सरकून पुन्हा. मग वाकून, गुडघ्याच्या उंचीवर, कान भिंतीला लावून. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाई ताडकन उठल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. भाषा कळली नाही, पण सूर आपल्याकडच्या वस्तुसंग्रहालयातल्या शिपायाचाच होता. बाबांनी शहाण्या मुलासारखे हात मागे बांधले, बाईंकडे बघून मान तुकवली आणि मला मोठ्यानं म्हणाले, "नवंय गं सगळं." जिन्यात आवाज घुमला. आजूबाजूच्या कुणाला मराठी येत नव्हतं हे नशीब.

बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. ओव्हरसियर म्हणून लागले, रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या आणि एकदोन पूल अंगाखांद्यावर खेळवून निवृत्त झाले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण सवय सुटत नाही. लग्नाला गेले तरी आधी हॉलच्या खांबाला टिचकी मारणार. आई म्हणते, यांचा नमस्कार कळसाला नसतो, जोत्याला असतो. त्यामुळे भिंत वाजवण्याचं मला काही वाटलं नाही. लागलं ते 'नवंय'. कारण मी त्यांना जुनं दाखवायला आणलं होतं. मी राहते व्हिएन्नात. तिथून गाडीनं तासाभरात माणूस दुसऱ्या देशाच्या, स्लोव्हाकियाच्या, राजधानीत उतरतो, आणि 'तुम्हाला डॅन्यूबवरचा किल्ला दाखवते' असं मी दोघांना ते विमानात बसायच्या आधीपासून सांगत होते. आणि आता हा निकाल. चोवीस तास झोपेत बडबडल्यासारखं ते वाक्य नंतर माझ्या डोक्यात चालू राहिलं, आणि त्यातला राग बाबांवरचा नव्हता हे कळायला थोडा वेळ लागला.

खरं तर शंका मलाही लांबूनच आली होती. नदीच्या बाजूनं पाहिलं की टेकडीवर तो चौकोनी, पांढराशुभ्र बसलेला दिसतो, चार कोपऱ्यांना चार बुरूज. इथले लोक त्याला गमतीनं उलटं टेबल म्हणतात. आईला मी ते सांगितलं तर ती म्हणाली, "टेबल कसलं, चौरंग आहे. धुऊन पालथा घातलेला." मग थोड्या वेळानं, आपल्याच विचारात, "पण एवढा पांढरा रंग मळत नाही का यांचा?" मळत असणार. मी विद्यार्थीदशेत पहिल्यांदा त्याचे जुने फोटो पाहिले होते तेव्हा तो पिवळट, मातकट होता. २००८ नंतर जे मोठं काम निघालं त्यात त्याला हा पांढरा रंग मिळाला, अठराव्या शतकातल्या मारिया तेरेसा राणीच्या काळात होता तसा म्हणून. आत जिना पांढरा आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. एकही पायरी झिजलेली नाही. खिडकीची चौकट ठोकळ्यासारखी काटकोनात. कुठे ओल नाही, वटवाघळांचा वास नाही, भिंतीत उगवलेला पिंपळ नाही. म्हणजे किल्ल्यावर गेल्यासारखं वाटायला मला जे जे लागतं त्यातलं एकही नव्हतं.

ही माझी खोड कऱ्हाडची आहे. शाळेच्या मागच्या बाकावरून सदाशिवगड दिसायचा. रायगडावर पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीत, आणि आठवतं ते हेच की आम्ही सगळ्याजणी जोत्यांवर उभ्या होतो आणि गुरुजी हवेकडे बोट करून सांगत होते, ही सदर, हा राणीवसा, इथून महाराज यायचे. समोर होतं काय, तर गुडघाभर दगड आणि त्यावर वाळत घातल्यासारखं गवत. बाकीचं आपण चढवायचं. भिंती, छत, पडदे, माणसं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना ही सवय लागली आहे. शनिवारवाड्यात गेलो तरी तेच. १८२८ च्या आगीनंतर जोती आणि तटबंदी उरली, आणि आपण कारंज्याच्या खड्ड्याकडे बघून अख्खा वाडा उभा करतो. इथे कुणीतरी माझ्या आधीच भिंती चढवून, गिलावा करून, वर सोनं लावून ठेवलं होतं. मला कामच उरलं नव्हतं.

तर हा किल्ला जळाला तो २८ मे १८११ ला. तोवर त्याचे चांगले दिवस सरून गेले होते. बुडा शहर (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) तुर्कांच्या टापांखाली आल्यावर हंगेरीच्या राजांनी आपलं बिऱ्हाड इथे हलवलं. १५३६ पासून दोन-अडीचशे वर्षं हीच हंगेरीची राजधानी. मारिया तेरेसानं तो सजवला, तिची लाडकी मुलगी मारिया क्रिस्टिना आणि जावई आल्बर्ट इथे राहिले. त्या आल्बर्टला चित्रं जमवायचा नाद. त्याचा तो संग्रह आज व्हिएन्नात 'आल्बर्टिना' नावानं आहे, माझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मग तेरेसाचा मुलगा जोसेफ यानं कारभार पुन्हा बुडाला नेला. रिकाम्या राजवाड्यात आधी पाद्रींची शाळा भरली, नंतर सैन्याची छावणी पडली, आणि छावणीतल्या शिपायांच्या हलगर्जीपणानं आग लागली. लाकडी छतं, तुळया, मजले सगळं खाली आलं. खालच्या गावातही आग पसरली. उरल्या त्या चार भिंती आणि बुरूज. पुढे लष्करानं तिथला दगड बांधकामाला विकला.

हे मी वाचून दाखवत होते तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. "आपल्यासारखंच की," म्हणाले. आपल्याकडे किती गावांत गडाचा दगड घरांच्या पायात गेलाय हे त्यांना नोकरीनं शिकवलं आहे. पाया खणताना घडीव चिरा लागला की मजूर आपसांत बघायचे आणि ओव्हरसियर दुसरीकडे. मला मात्र तारखेनं धरलं. १८११ चा मे, आणि रायगडावर इंग्रजांच्या तोफा पडल्या तो १८१८ चा मे. सात वर्षांच्या अंतरानं, हजारो कोसांवरच्या दोन टेकड्यांवर दोन जुन्या राजधान्या ऐन उन्हाळ्यात जळाल्या. याला अर्थ काही नाही. योगायोग आहे. पण त्या चकचकीत जिन्यात उभं राहून मी मनातल्या मनात दोन्हीकडचा धूर एकत्र करून बघितला, आणि त्यामुळे ती भिंत मला जरा कमी परकी वाटली.

नंतरची जवळजवळ दीडशे वर्षं हे शहर डोक्यावर पडकी भिंत घेऊन जगलं. जुन्या पोस्टकार्डांवर तो तसाच दिसतो, खिडक्यांच्या जागी भोकं आणि भोकांतून आकाश. विसाव्या शतकात तो पाडून तिथे दुसरं काहीतरी बांधावं असेही बेत झाले. यांको अलेक्सी नावाचा चित्रकार त्याच्यासाठी हटून बसला, की पाडायचा नाही, उभा करायचा. आल्फ्रेड पिफ्ल या वास्तुतज्ज्ञ प्राध्यापकानं अभ्यास करून काम हाती घेतलं, आणि पन्नासच्या दशकात सुरू झालेलं ते काम १९६८ पर्यंत चाललं. युद्धानं पोळलेला, साम्यवादी राजवटीतला, हातातोंडाची गाठ घालणारा देश, आणि त्यांनी एका जळक्या राजवाड्यासाठी सिमेंट काढून दिलं. तेही राजेरजवाड्यांना शिव्या घालणाऱ्या राजवटीनं. मला हे कोडं वाटतं. बाबांना वाटलं नाही. "घर जळलं तर माणूस परत बांधतो का नाही?" "दीडशे वर्षांनी?" "पैसे नसतील तेव्हा, बाई."

आमचं यावरून चांगलंच जुंपलं. मी म्हटलं, उद्या रायगडावर कुणी असाच पांढराशुभ्र वाडा उभा केला, आत सोनेरी जिना, खाली तिकीटखिडकी, तर? बाबा म्हणाले, नकाशा सापडला आणि चुन्यात बांधणार असतील तर बघू. आई म्हणाली, तुम्ही दोघं भांडा, मी बसते. आणि ती मागच्या बागेत बाकावर जाऊन बसली. ही बागही २०१६ मध्ये उघडलेली, कातरून काढलेली झुडपं, खडीच्या वाटा. तिला ती बाग फार आवडली.

बाबांचा आवाज बदलला तो राजमुकुटाच्या बुरुजात. चार बुरुजांतला हा सगळ्यात जुना, तेराव्या शतकातला. हंगेरीचा मुकुट जवळजवळ दोनशे वर्षं इथे ठेवलेला असायचा म्हणून हे नाव. वर जायचा जिना इतका चिंचोळा, की उतरणाऱ्यानं भिंतीला पाठ लावायची आणि चढणाऱ्यानं पोट आत घ्यायचं. तिथे कुणी खुर्ची टाकून बसलेलं नव्हतं. बाबांनी पेर आपटलं. आवाज आलाच नाही. म्हणजे हाताला लागलं, पण भिंतीनं दादच दिली नाही. त्यांनी तळहात सपाट टेकवला आणि तसाच ठेवला; नाडी बघताना ठेवतात तितका वेळ. "ही भरीव आहे. डबर आणि चुना. हिला कुणी हात लावलेला नाही." मग खाली बघत, "आणि ती खालची पण जुनीच असणार. मी म्हटलं ते गिलाव्याबद्दल. आतली भिंत जळत नाही, भिंत कशी जळेल?" निकाल फिरवताना सरकारी माणूस जसा पाय मागे घेतो तसा हा पाय मागे घेणं होतं, पण बरोबर होतं. आगीनंतर बाहेरच्या भिंती उभ्याच होत्या. नवं होतं ते त्यांच्या अंगावरचं.

वरून संत मार्टिनच्या कॅथीड्रलचा मनोरा दिसतो आणि त्याच्या टोकाला क्रूसाऐवजी गादीवर ठेवलेला सोनेरी मुकुट. १५६३ ते १८३० इथे राज्याभिषेक झाले. अकरा राजे आणि आठ राण्या. अकरा राजांमध्ये मारिया तेरेसाही धरलेली, कारण तिला अभिषेक झाला तो राजा म्हणून. २५ जून १७४१, वय चोवीस. रीत अशी की हंगेरीच्या मुलखातून ठिकठिकाणची माती आणून नदीकाठी एक टेकाड करायचं. अभिषेक झालेल्या राजानं घोडा दौडवत त्यावर चढायचं आणि चारी दिशांना तलवार दाखवायची. तिनं ते केलं. हे ऐकून आई (ती तोवर बागेतून कंटाळून वर आली होती, बुरुजाच्या मात्र खालीच थांबली) म्हणाली, "आपल्याकडे सात नद्यांचं पाणी आणलं होतं ना, तसं." तसंच. आणि मग तिनं बाहेरच्या आवारात उभ्या असलेल्या, मागच्या पायांवर उभ्या घोड्यावरच्या पुतळ्याकडे बोट केलं. "आणि हा यांचा महाराज." तो स्वातोप्लुक, नवव्या शतकातला, ग्रेट मोराव्हिया या जुन्या स्लाव्ह राज्याचा राजा. पुतळा २०१० चा. त्याला 'प्राचीन स्लोव्हाकांचा राजा' म्हटलं म्हणून इतिहासकारांनी तेव्हा हरकत घेतली, की त्या काळी स्लोव्हाक होते कुठे. आईला मी हे सांगितलं नाही. तिचं वाक्य जास्त नेमकं होतं.

खाली चौकात विहीर आहे, ऐंशी मीटर खोल. बाबा वाकून बघत राहिले. कऱ्हाडच्या कोटातली नकट्या रावळ्याची विहीर आणि ही, असा त्यांचा हिशेब चालला असणार. आपल्या विहिरीला पायऱ्या आहेत, त्यामुळे आपली पुढे. शेजारच्या बाजूला जमिनीखाली मोटारींसाठी जागा करायला खणलं तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट लोकांची घरं लागली, रोमन कारागिरीनं बांधलेली, सोन्याचांदीची नाणी लागली. "खणलं की निघतंच," एवढंच बाबा म्हणाले, आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो.

तिथे सुटे परत आले त्यातलं पन्नास सेंटचं नाणं बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरलं. नाण्यावर हाच किल्ला. दहा, वीस आणि पन्नास सेंट, तिन्हीवर. स्लोव्हाकियात युरो आला तो २००९ च्या जानेवारीत, म्हणजे नाण्यावरचाही नवाच. देशच मुळात १ जानेवारी १९९३ चा. "तुझ्या मुंडावळ्यांपेक्षा... नाही, तुझ्यापेक्षा लहान," आई म्हणाली. ज्या दालनात आम्ही चकचकाटाला नाकं मुरडली होती, तिथल्याच एका दालनात या देशाच्या राज्यघटनेवर ३ सप्टेंबर १९९२ ला सह्या झाल्या. त्याआधी चेकोस्लोव्हाकियाच्या संघराज्याचा कायदा सही झाला तोही इथेच, १९६८ च्या ऑक्टोबरात. गिलावा तेव्हा खरोखर ओला असणार, आणि रशियन रणगाडे देशात घुसून दोन महिने झाले होते. मला वाटत होतं की राजे गेले आणि गोष्ट संपली, पुढचं सगळं डागडुजी. पण इथल्या माणसांच्या आयुष्यात जे घडलं ते या 'नव्या' भिंतींच्या आत घडलं. त्यांच्या लेखी हाच किल्ला. पडका त्यांच्या आज्यापणज्यांचा.

एवढ्यावर मी समेट केला असता.

पण आम्ही गच्चीवर गेलो. खाली डॅन्यूब, जून महिन्यातली, मातकट आणि घाईत. पलीकडे पेत्रझाल्काच्या चाळी, काड्यापेट्या उभ्या केल्यासारख्या म्हणायचा मोह होतो पण नको. लाखावर माणसं राहतात तिथे आणि बाल्कन्यांत कपडे वाळत होते. त्यामागे ऑस्ट्रियाच्या शेतांत पवनचक्क्या. आणि मधे पूल. बाबा किल्ला विसरले. "एकाच खांबावर? नदीत पाय नाही?" नाही. ३०३ मीटरचा गाळा, पलीकडच्या काठावर एकच तिरका मनोरा, त्यावरून तारा ओढलेल्या आणि मनोऱ्याच्या डोक्यावर उडत्या तबकडीसारखं उपाहारगृह. १९६७ ते १९७२. बाबा बोटानं हवेत तारांच्या रेघा ओढत होते. ताण कुठे जातो, मागे कुठे बांधला असेल. मग त्यांची नजर पुलाच्या अलीकडच्या टोकाकडे आली. रस्ता पूल उतरतो आणि थेट कॅथीड्रलला घासून, किल्ला आणि जुनं गाव यांच्या मधून चार पदरी पुढे जातो. "ही आखणी कुणी केली? देवळाच्या एवढ्या जवळून? हादरे बसणार." बसतात. आणि मग जे ते कुठल्याही रस्त्याकडे बघून आधी विचारतात ते त्यांनी विचारलं. "इथे आधी काय होतं?"

सकाळी आम्ही जिथून चढून आलो होतो ती गल्ली मी त्यांना दाखवली. तिचं नाव ज्यू गल्ली. कोपऱ्यावर ते चिंचोळं, कापलेल्या केकच्या तुकड्याएवढं घर आहे, आत घड्याळांचं संग्रहालय. गल्लीला एकच बाजू आहे. दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याखाली मोटारी. किल्ल्याच्या पायथ्याशी शतकानुशतकं ज्यूंची वस्ती होती. पुलाच्या रस्त्यासाठी तिचा बहुतेक भाग पाडला. कॅथीड्रलच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, दोन मनोऱ्यांचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं. तेही १९६९ मध्ये पाडलं. १९६८ ला वरचा किल्ला उभा राहिला, १९६९ ला खालचं सिनेगॉग पडलं. तीच राजवट, तीच वर्षं, वरून हाक मारली तर खाली ऐकू जाईल एवढं अंतर. कुणीतरी त्या गच्चीवर उभं राहून एका हातानं पाठ थोपटून घेतली असेल आणि दुसऱ्या हातानं खालचा धुरळा झटकला असेल.

"भरपाई कुणाला दिली?"

बाबांना हा प्रश्न साहजिक होता. रुंदीकरणात त्यांनी किती घरांवर लाल फुल्या मारल्या असतील. रंगाचा डबा घेऊन मजूर पुढे, मोजणीची टेप घेऊन हे मागे. लहानपणी त्यांच्या पांढऱ्या बुशकोटाच्या बाहीला तो लाल डाग कायम असायचा, आई रॉकेलनं घासायची. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, की फुली मारून झाल्यावर एका घरातल्या म्हातारीनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, साहेब, ही फुली पावसानं जाते का? आणि दुसऱ्या घरातल्यांनी दगड घेतले होते. मोजणी, हरकती, सुनावणी, भरपाई, मग पाडकाम. कागदावर तरी क्रम असा.

मी सांगितलं. १९४२ च्या मार्चपासून स्लोव्हाकियातून ज्यूंना गाड्यांत भरून नेलं. इथलं तेव्हाचं सरकार हिटलरच्या मर्जीतलं. नेणारे त्यांचेच पोलीस, त्यांचेच गार्ड. ऑशविट्झ इथून रेल्वेनं फार लांब नाही. युद्ध संपलं तेव्हा या शहरातल्या हजारो ज्यूंपैकी मूठभर उरले, आणि त्यातले पुष्कळ इस्रायलला, अमेरिकेला निघून गेले. पंचवीसेक वर्षांनी रस्त्याची आखणी करणारे आले तेव्हा गल्लीत घरं होती, जुनी, पडझड झालेली, दुसरेच कुणी भाडेकरू म्हणून राहत असलेली. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "आम्हाला निदान शिव्या घालायला माणसं होती."

उतरताना आम्ही कॅथीड्रलच्या बाजूचा तो चौक बघितला जिथे सिनेगॉग होतं. काळ्या दगडाची भिंत आहे आणि तिच्यावर सिनेगॉगची रेखाकृती कोरलेली. काळ्या दगडात आपलंच प्रतिबिंब दिसतं, त्यावरून ते मनोरे. आईनं पदर सावरला, तसा ती देवळाच्या दारात सावरते. नदीच्या कडेनं थोडं पुढे, किल्ल्याच्या टेकडीखालच्या बोगद्याजवळ, आणखी एक जागा आहे. खतम सोफेर नावाचे मोठे धर्मगुरू, १८३९ मध्ये वारले. ज्यू जगतात ब्रातिस्लाव्हाचं जुनं नाव प्रेसबुर्ग अजून त्यांच्यामुळे घेतलं जातं. त्यांची कबर होती ती दफनभूमी युद्धाच्या काळात रस्त्यासाठी मोडली. त्यांच्या कबरीसकट तेवीस कबरी तेवढ्या मूळ जागी राहिल्या, वर काँक्रीट घालून, जमिनीखाली. वरून ट्राम जायची. २००२ मध्ये तिथे नीट स्मारक झालं, ट्रामचे रूळ सरकवले. आधी कळवल्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे आम्ही बाहेरूनच बघितलं. बाबांना रुळांची वळणं बघूनच ते कुठून कुठे सरकवले असतील हे कळलं, आणि त्यांनी ते मला काठीनं जमिनीवर काढून दाखवलं.

मी सकाळी रुसले होते ते किल्ला खोटा वाटला म्हणून. संध्याकाळपर्यंत ते रुसणं मला अगदी पर्यटकाचं वाटायला लागलं. पडकं बघायला आवडणाऱ्या माणसाला पडकंसुद्धा निवडून लागतं. पडलेलं राजाचं असलं पाहिजे. गल्ली पडली तर जोतंही उरत नाही, हवेकडे बोट करून सांगणारे गुरुजी उरत नाहीत. आणि तरी, खरं सांगायचं तर, तो पांढरा जिना मला अजूनही आवडत नाही.

देविनला जाणारी बस त्याच पुलाखालून सुटते. डोक्यावर रस्ता, डोक्यावर धडधड, खांबांवर रंगीत फवाऱ्यांनी लिहिलेलं काहीबाही. म्हणजे बसची वाट आम्ही त्या गल्लीच्या पोटातच बघत होतो. देविनचा किल्ला शहराबाहेर, मोरावा डॅन्यूबला मिळते त्या कड्यावर; १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं सुरुंग लावून उडवला आणि हा मात्र कुणी पुन्हा बांधला नाही. हवं तसं पडकं मला शेवटी तिथे मिळालं. गवत, वारा, एकटा बुरूज, खाली संगम. मोरावेच्या पलीकडचा काठ ऑस्ट्रिया. १९८९ पर्यंत इथे काटेरी तारा होत्या आणि पोहून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जायच्या. आता त्या काठानं सायकली चालल्या होत्या. बाबांनी संगम बघितला आणि कऱ्हाडच्या माणसानं जे म्हणायला हवं तेच म्हणाले, की या नद्या बाजूनं येऊन मिळतात, कृष्णा-कोयनेसारख्या समोरासमोर नाही.

मग ते पडक्या भिंतीकडे वळले. तिथे खुर्ची नव्हती, बाई नव्हत्या. त्यांनी दोन दगडांमधली सांध नखानं खरवडली. "हे बघ. दर्जे भरलेत. अलीकडचं काम आहे." मी म्हटलं, बाबा, इथे तरी नको. "अगं, भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत गेलं की दोन थंड्यांत दगड सुटतो. पडकी भिंत पडकी ठेवायला जास्त माणूस लागतो. आणि बघ, चुना वापरलाय. सिमेंट नाही." त्यांनी मला त्या सांध्याचा फोटो काढायला लावला, स्वतःचा किंवा संगमाचा नाही, आणि खात्यातल्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'युरोपातील किल्ला. दर्जे चुन्यात.' बस यायच्या आत उत्तर आलं.

'तिकडे पाऊस किती?'